चित्रण उत्तम, गुणपत्रक अपुरे : कबड्डी सामन्याच्या विश्लेषण सेवेचा अनुभव

सोलापुरात गेल्या काही काळापासून दोन तरुण एक नवी सेवा देत आहेत. कबड्डीच्या सामन्याचे ते दोन कॅमेऱ्यांनी चित्रण करतात, प्रत्येक खेळाडूच्या चढाया आणि पकडी वेगळ्या कापून देतात आणि सोबत चढाईपटूंचे गुणपत्रक तयार करून देतात. शिवजयंतीनिमित्त शहराच्या पूर्व भागात झालेल्या एका स्पर्धेतील आमच्या संघाच्या सामन्यासाठी आम्ही ही सेवा घेतली. संपूर्ण सेवेचे शुल्क तीन हजार रुपये होते आणि ते संघातील बारा जणांनी प्रत्येकी अडीचशे रुपये काढून भरले. ज्या मुलांचे घर यंत्रमागाच्या पाळीवर चालते त्यांच्यासाठी अडीचशे रुपये ही लहान रक्कम नव्हे, म्हणून प्रशिक्षक या नात्याने त्या पैशांचे काय झाले हे नीट तपासून सांगणे मला आवश्यक वाटते. सेवा देणाऱ्यांचे नाव येथे देत नाही, कारण उणिवा मी त्यांना समक्ष सांगितल्या आहेत आणि त्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या आहेत.

सामना आम्ही २७ विरुद्ध ३२ असा गमावला. मैदान मातीचे होते, सामना विजेच्या दिव्यांखाली झाला आणि मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. पुढे असलेला संघ कसा हरला, हा प्रश्न त्या रात्री प्रत्येकाच्या मनात होता आणि प्रत्येकाजवळ त्याचे एकच उत्तर होते, ते म्हणजे पंचांनी आमच्या मुख्य चढाईपटूचे दोन बोनस गुण नाकारले. मीही तेव्हा तेच म्हणत होतो. चित्रण हाती आल्यावर हे मत मला बदलावे लागले, आणि या सेवेतील चित्रणाची बाजू मी मनापासून वाखाणतो ती याच कारणासाठी.

कॅमेरे कोठे लावले यावर सारे अवलंबून असते. पहिला कॅमेरा मध्यरेषेच्या सरळ रेषेत, प्रेक्षकांच्या मागे उंचावर होता. त्यातून संपूर्ण क्रीडांगण दिसते आणि बचावाची साखळी कशी सरकते हे कळते. दुसरा कॅमेरा त्यांनी बोनस रेषेच्या टोकाशी, राखीव पट्ट्याच्या बाहेर, जमिनीपासून जेमतेम दीड हात उंचीवर ठेवला होता आणि मध्यंतरानंतर बाजू बदलल्यावर तोही हलवला होता. ही सूचना आमची नव्हती, त्यांनी ती स्वतःच्या समजुतीने केली होती. बोनस गुणासाठी प्रतिस्पर्ध्यांचे किमान सहा गडी मैदानात असावे लागतात आणि चढाईपटूचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकतो त्या क्षणी मागचा पाय हवेत असावा लागतो. मागचा पाय हवेत होता की नाही, हे उंचावरून कधीच दिसत नाही. ते जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यालाच दिसते.

आमचा मुख्य चढाईपटू म्हणजे सात क्रमांकाचा खेळाडू; ज्या चढाईत त्याचा पहिला बोनस नाकारला गेला ती आम्ही मंडळाच्या खोलीतील टीव्हीवर अगदी मंद गतीने पाहिली. तो उजव्या पायाने रेषेपलीकडे झेपावतो, शरीर लांबते, टाच उचलली जाते, परंतु डाव्या पायाचा अंगठा मातीतच राहतो आणि त्याच्या मागे वितभर लांबीची धुळीची रेघ उठते. मॅटवर हा पुरावा मिळाला नसता. मातीवर धूळ खोटे बोलत नाही. दुसऱ्या नाकारलेल्या बोनसच्या वेळीही तीच रेघ तशीच उठलेली दिसली. पंच दोन्ही वेळा बरोबर होते. खोलीत बसलेल्या मुलांपैकी कोणीही काही बोलले नाही, आणि सात क्रमांकाच्या मुलाने ती चढाई स्वतःहून आणखी चार वेळा लावून पाहिली. तीन हजारांपैकी निम्मे पैसे या एका दृश्याने वसूल झाले असे मी मानतो.

चित्रणात उणिवा अगदी नाहीत असे नाही. दुसऱ्या सत्रात चुन्याने आखलेली बोनस रेषा खेळाडूंच्या पायांखाली पुसट झाली होती आणि दिव्यांचा प्रकाश एका बाजूने कमी पडत होता, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांतील काही चढायांत पाय नेमका कोठे पडला हे सांगता येत नाही. हा दोष आयोजकांचा अधिक आहे, चित्रण करणाऱ्यांचा कमी. आवाजाची बाजू मात्र त्यांनी सुधारायलाच हवी. ध्वनिक्षेपकावरील समालोचनाखाली चढाईपटूचा दम कोठेच ऐकू येत नाही. आमच्यापैकी निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते आणि तेलुगूत चढाईला ‘कूत’, म्हणजे हाक, असे म्हणतात. ज्या खेळात मुखातून निघणारा शब्द हीच चढाईची पहिली अट आहे त्याचे चित्रण तो शब्द न टिपता अपुरे राहते. चोवीस तासांत देऊ म्हणून सांगितलेले चित्रण तिसऱ्या दिवशी मिळाले, पण आमचा पुढचा सामना दूर असल्याने त्याचे विशेष नुकसान झाले नाही.

आता गुणपत्रकाकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे.

गुणपत्रकात आमच्या चार चढाईपटूंची क्रमवारी एकूण गुणांवर लावली होती. सात क्रमांकाच्या खेळाडूच्या १८ चढाया आणि ९ गुण, म्हणून तो पहिला. दहा क्रमांकाच्या खेळाडूच्या १३ चढाया आणि ४ गुण, म्हणून तो दुसरा, परंतु त्याच्या नावापुढे यशाचे प्रमाण ३१ टक्के असे लाल रंगात लिहिले होते आणि खाली ‘कामगिरी चिंताजनक’ असा शेरा होता. तीन क्रमांकाच्या अष्टपैलू खेळाडूला ६ चढायांत ३ गुण, आणि उत्तरार्धात उतरवलेल्या बारा क्रमांकाच्या राखीव खेळाडूला ३ चढायांत १ गुण. आकडे मी चित्रणावरून स्वतः मोजून पाहिले आणि ते सर्व बरोबर आहेत. तरीही त्यांतून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि हे पत्रक मुलांच्या हाती तसेच दिले असते तर आमच्या संघाचे नुकसान झाले असते.

कबड्डीत सर्व गुण सारख्या मोलाचे नसतात. चढाईपटूने प्रतिस्पर्ध्याचा गडी टिपला, तर संघाला गुण मिळतोच, शिवाय आपला बाद झालेला एक गडी आत येतो. बोनसने गुण मिळतो, पण गडी आत येत नाही. सात क्रमांकाच्या खेळाडूच्या नऊ गुणांपैकी तीन बोनसचे होते; त्याने टिपलेले गडी सहा. त्याच सामन्यात चढाई करताना तो स्वतः पाच वेळा पकडला गेला. याचा अर्थ सहा गडी बाहेर पाठवताना आपला सर्वांत महत्त्वाचा गडी त्याने पाच वेळा बाहेर बसवला. उलट दहा क्रमांकाच्या खेळाडूने चार गडी टिपले आणि तो चढाईत केवळ एकदा सापडला. मैदानावरील माणसांचा हिशेब मांडला, तर पहिल्याने संघाला एका गड्याचा लाभ करून दिला आणि ‘चिंताजनक’ ठरवलेल्या दुसऱ्याने तीन गड्यांचा. गुणपत्रकात या हिशेबाला जागाच नाही.

दुसरी गोष्ट बाहेर बसण्याच्या वेळेची. मी घड्याळ लावून मोजले तेव्हा चाळीस मिनिटांच्या सामन्यात सात क्रमांकाचा खेळाडू सुमारे चौदा मिनिटे बाहेर होता आणि आमच्यावरील दोन्ही लोण याच काळात चढले, म्हणजे दोन्ही वेळा आमचा सगळा संघ याच काळात बाद झाला. लोणाचे दोन जादा गुण धरले, तर दोन लोणांनी चार गुण गेले. आम्ही हरलो पाच गुणांनी. चढाईपटू किती गुण आणतो याइतकेच तो किती वेळ मैदानात राहतो हे महत्त्वाचे असते, कारण आत जाणारे गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परततात. मुख्य चढाईपटूच्या आधी दोघे बाद होऊन बसले असतील, तर त्याला परत आणण्यासाठी तीन गडी मारावे लागतात. ते मारायचे कोणी, तर आत उरलेल्यांनी.

आत उरलेला बहुतेक वेळा दहा क्रमांकाचा खेळाडू होता. त्याच्या तेरा चढायांपैकी आठ निष्फळ गेल्या हे खरे आहे. परंतु त्यांपैकी पाच चढाया पहिल्या सत्राच्या शेवटी, आम्ही पुढे असताना, मीच त्याला सांगून करवल्या होत्या. निदान रेषा ओलांडायची, तीस सेकंदांपैकी शक्य तितके वापरायचे, कोणाच्याही आवाक्यात जायचे नाही आणि परत यायचे, असा तो आदेश होता. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर असते. ती किमान एकदा ओलांडली नाही तर चढाईपटू बाद ठरतो. मैदानात सातही बचावपटू उभे असताना तेथवर जाऊन, त्यांना हात न देता, दम न सोडता परत येणे हे काम सोपे नाही. ते काम त्याने पाचही वेळा नेमके केले आणि त्याच काळात आमची आघाडी टिकली. आदेश पाळल्याबद्दल मुलाला लाल शाईचा शेरा मिळावा हे मला सहन झाले नाही. गुणपत्रक करणाऱ्यांनी प्रशिक्षकाला एक प्रश्न विचारला असता तरी हा शेरा टळला असता.

निष्फळ चढायांचे ओझे शेवटी कोणावर तरी पडते, हेही सांगितले पाहिजे. संघाच्या सलग दोन चढाया निष्फळ झाल्या की तिसरी ‘करो या मरो’ची असते, त्यात गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद होतो. आमच्या वाट्याला अशा पाच चढाया आल्या आणि त्यांतील चार तीन क्रमांकाच्या खेळाडूने केल्या. दोनदा तो गुण घेऊन आला, दोनदा सापडला. गुणपत्रकात त्याचे यश ५० टक्के दिसते, आणि राखीव खेळाडूच्या तीन साध्या चढायांतील एका गुणाशेजारी ते ठेवले की फरक फार वाटत नाही. परंतु तिसऱ्या चढाईत बचाव करणाऱ्यांना ठाऊक असते की हा माणूस हात टाकल्यावाचून परत जाणार नाही. ते पुढे येत नाहीत, खोल उभे राहतात आणि वाट पाहतात. अशा वेळी त्याने उजव्या मध्यरक्षकाला पायाने टिपून, वळता वळता मध्यरेषेकडे अंग फेकले ती चढाई मला या सामन्यातील सर्वोत्तम वाटते. सेवा देणाऱ्यांनी ती वेगळी कापून दिली होती, पण तिच्यावर तिसरी चढाई अशी खूणसुद्धा नव्हती.

सात क्रमांकाच्या खेळाडूवर अन्याय होऊ नये म्हणून त्याच्याविषयी थोडे अधिक लिहितो. प्रतिस्पर्ध्यांचा सगळा बचाव त्याच्यासाठीच रचलेला असतो, आणि ते ओझे तो संघासाठी वाहतो. त्याचे दोष चित्रणात इतके स्वच्छ दिसले की ते दुरुस्त होतील याबद्दल मला शंका नाही. पाचपैकी चार वेळा तो बोनसच्या प्रयत्नात, डाव्या कोपरारक्षकाच्या घोटा पकडीत सापडला. पाय टाकण्यापूर्वी तो उजवा हात मांडीवर आणतो आणि खांदा किंचित खाली झुकवतो. कोपरारक्षक नेमका त्याच क्षणी गुडघ्यात वाकताना दिसतो. सामन्याच्या धावपळीत हे कधीच दिसले नसते. आमच्या पिढीतल्या मुलांनी भारताचा माजी कर्णधार अनुप कुमारला बोनसवर गुण काढताना पाहून ते शिकायचा प्रयत्न केला, पण त्याच्या खेळात पाय पडेपर्यंत अंगावर कसलीही सूचना नसायची, हे शिकायचे राहून गेले.

त्याच्या नऊ गुणांपैकी सात पहिल्या सत्रातील आहेत आणि दोन दुसऱ्या सत्रातील, ही गोष्टही गुणपत्रकात नाही. आदल्या रात्री तो अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यात बारा तासांची पाळी करून सकाळी घरी गेला होता. दुसऱ्या सत्रात त्याची परतीची पावले आखूड झालेली चित्रणात दिसतात. सत्रनिहाय आकडे समोर असते, तर त्याला दहा मिनिटे विश्रांती देऊन राखीव खेळाडू आधीच उतरवायला हवा होता हे कोणालाही कळले असते. ही चूक माझी आहे. २०१६ साली अहमदाबादला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत मध्यंतराला इराणविरुद्ध १३ विरुद्ध १८ असा मागे होता आणि शेवटी ३८ विरुद्ध २९ असा जिंकला; अजय ठाकूरचे त्या सामन्यातील १२ गुण सर्वांना आठवतात, पण सामना कोणत्या सत्रात फिरला हे पाहिल्याशिवाय त्या बारा गुणांचे मोल कळत नाही.

केवळ गुणांकडे पाहण्याची ही सवय कोठून आली हे समजणे अवघड नाही. २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरांत दिसू लागली, परदीप नरवालने २०१७ साली एका सामन्यात चढाईचे ३४ गुण घेतले, पवन सेहरावतने २०१९ साली ३९ घेतले, आणि टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत येणारा तो आकडा मुलांच्या डोक्यात बसला. त्या खेळाडूंची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. परंतु गल्लीतील मंडळाच्या संघाला ३९ गुण घेणारा चढाईपटू मिळत नाही; त्याला चार साध्या चढाईपटूंमध्ये काम वाटून सामना काढावा लागतो, आणि अशा संघाचे मूल्यमापन त्या वाटणीवरूनच व्हायला हवे.

एक स्पष्ट चूकही नोंदवतो. चढाया कोठे झाल्या हे दाखवण्यासाठी गुणपत्रकात क्रीडांगणाचा जो आराखडा छापला होता तो महिलांच्या मापाचा, १२ बाय ८ मीटरचा होता. पुरुषांचे क्रीडांगण १३ बाय १० मीटरचे असते. महिलांच्या क्रीडांगणावर निदान रेषा तीन मीटरवर असते, त्यामुळे आराखड्यावर टिंबांनी दाखवलेली प्रत्येक चढाई प्रत्यक्षापेक्षा खोल गेल्यासारखी दिसते. सांगितल्यावर त्यांनी लगेच दिलगिरी व्यक्त केली आणि दोन दिवसांत दुरुस्त आराखडा पाठवला, हे नमूद करायलाच हवे. त्यांची वागणूक शेवटपर्यंत सौजन्याची होती. सामन्यात त्यांनी कोठेही अडथळा केला नाही, पंचांशी वाद घातला नाही आणि प्रतिस्पर्धी संघालाही मागितल्यावर त्यांच्या खेळाडूंचे चित्रण योग्य शुल्कात दिले.

सोलापुरातील ज्या मंडळांना आपल्या चढाईपटूंचे दोष खरोखर पाहायचे आहेत त्यांनी या सेवेतील केवळ चित्रण घ्यावे, असे माझे मत आहे. त्याचे शुल्क १,८०० रुपये आहे आणि ते पूर्ण वाजवी आहे. कॅमेरा बोनस रेषेशी जमिनीलगत ठेवण्याचा आग्रह धरावा आणि आयोजकांना मध्यंतरात चुना पुन्हा टाकायला सांगावे. उरलेल्या १,२०० रुपयांचे गुणपत्रक सध्या घेऊ नये. त्याऐवजी एका वहीत प्रत्येक चढाईसमोर तेव्हाची गुणसंख्या, मैदानातील गड्यांची संख्या, चढाई पहिली होती की तिसरी, टिपलेला गडी, बोनस आणि स्वतः बाद झाल्याची वेळ लिहिली, तर एका संध्याकाळी हे काम होते. आम्ही ते साखर पेठेतील एका मुलाच्या घरी केले. दहा क्रमांकाचा खेळाडू स्वतःच वही लिहीत होता आणि आपल्या निष्फळ चढायांसमोर ‘आदेशाने’ हा शब्द त्याने पाच वेळा सुवाच्य अक्षरात लिहिला.

पुढच्या सामन्यासाठी चित्रणाची नोंदणी केली आहे. या वेळी चढाईपटूंच्या कमरेला छोटा ध्वनिग्राहक लावता येईल का, याची चौकशी ते करीत आहेत. पंचांची अनुमती मिळाली तरच तसे होईल. दरम्यान सात क्रमांकाचा मुलगा रोज सकाळी पाळीवरून परतताना मैदानावर थांबतो, चुन्याची एक रेषा ओढतो आणि मागे धूळ उठणार नाही अशा बेताने तिच्यापलीकडे पाय टाकून पाहतो. काल मी मोजले तेव्हा वीसपैकी चौदा वेळा माती जागची हलली नव्हती.